सोनेरी रांगेतला काळा ग्लास

शेजाऱ्याच्या बिअरचा घोट घेताना बायको डोळे मिटते आणि नवऱ्याच्या बिअरचा घोट घेताना ते टक्क उघडे ठेवते, याला काय म्हणायचं? मार्गो म्हणते, काहीच म्हणायचं नाही. डोळे आहेत, मिटतात कधीकधी. पण मी अमेरिकेतल्या शबॉयगन शहराच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत नोकरी करतो. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा एकाच बाजूने घडली की तिला योगायोग म्हणायचं नाही, एवढं आम्हाला शिकवलेलं असतं. ड्वेन प्रिबिलची बिअर असली की मार्गोचे डोळे बंद आणि घशातून एक लांबलचक 'अहा'. माझी असली की डोळे उघडे आणि 'छान आहे'.

'छान आहे' हे शब्द माणूस दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या पडद्यांबद्दल वापरतो.

ड्वेन आमचा उजव्या हाताचा शेजारी. टायर विकतो. टर्की तळायच्या पातेल्यात बिअर शिजवतो आणि ती ढवळायला होडीचं जुनं वल्हं वापरतो. धुतलेलं असतं, असं त्याचं म्हणणं. तापमान बघायचं तर पातेल्याला कोपर लावतो. त्याच्या गॅरेजातल्या फ्रिजच्या दारावर इतकी पदकं टांगलेली आहेत की दार उघडलं की गाईंचा कळप घरी परतल्यासारखा आवाज होतो. माझ्याकडे घनतामापी आहे, आम्लता मोजायचं यंत्र आहे, दशांश चिन्हानंतरही बोलत राहणारा थर्मामीटर आहे. पदक नाही.

माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. पण बर्फ पडला की ड्वेन आपलं अंगण साफ करून ते बर्फ उडवायचं यंत्र तसंच आमच्या दारात वळवतो, आणि मी बूट शोधेपर्यंत आमचाही रस्ता मोकळा झालेला असतो. वर हात हलवून म्हणतो, "झोप रे झोप, प्रोफेसर!" अशा माणसाचा हेवा करायला मोठी चिकाटी लागते. ती माझ्यात आहे.

या हिवाळ्यात मी म्युनिकच्या पद्धतीची काळी बिअर, म्हणजे लागर, केली होती. मार्चमध्ये आमच्या, घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबची स्पर्धा असते. त्या स्पर्धेत ड्वेनला हरवायचं, पदक घरी आणायचं, ते मार्गोसमोर ठेवायचं आणि मग तिला एक ग्लास भरून द्यायचा, असा माझा बेत होता. पदक समोर असताना डोळे उघडे ठेवणं कुणालाही जड जाईल, असा माझा कयास.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्पर्धेत परीक्षक बिअर चांगली आहे का हे बघत नाहीत. ती ज्या प्रकारात पाठवली त्या प्रकारासारखी आहे का हे बघतात. उत्तम शिवलेला सूट घालून लग्नाला गेलात तर लोक कौतुक करतील, तोच सूट घालून पोहायच्या तलावात उतरलात तर पोलीस बोलावतील; सुटाची शिलाई दोन्हीकडे तीच. बाटलीवर नाव नसतं, गाव नसतं. फक्त एक लेबल, आणि त्यावर प्रकाराचा क्रमांक. हे क्रमांक एका पुस्तकातून येतात, आणि काही वर्षांनी पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की सगळे प्रकार बिऱ्हाडं बदलतात. जुन्या पुस्तकात माझी काळी बिअर चार-बीमध्ये राहायची. नव्या पुस्तकात ती आठ-एमध्ये गेली, आणि चार-बीच्या रिकाम्या खोलीत राहायला आली जत्रेत पितात ती सोनेरी बिअर. का, ते विचारायचं नाही. बिअरवाल्यांना हे सगळं तोंडपाठ असतं. सासूच्या वाढदिवसाचं तेवढं राहून जातं.

यंदाची स्पर्धा नव्या पुस्तकाप्रमाणे होणार होती. म्हणून मी माझ्या कॉम्प्युटरवरच्या बिअरच्या प्रोग्रामात काळ्या लागरची कृती उघडली आणि क्रमांकाच्या चौकटीत आठ-ए लिहिलं. प्रोग्रामने क्षणभर विचार केला आणि माझ्या बिअरचं नाव ठेवलं 'इंग्लिश बिटर, साधी'.

साधी!

पाठोपाठ लाल अक्षरांचा पाऊस पडला. रंग फार गडद. कडवटपणा अपुरा. यीस्ट चुकीचं. माझ्या लक्षात आलं की प्रोग्रामच्या पोटात अजून जुनं पुस्तक आहे. दुरुस्ती तर पाच मिनिटांची दिसत होती. माझ्या आयुष्यातली सगळी मोठी कामं अशीच पाच मिनिटांची होती.

मी प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं. ट्रेव्हर नावाच्या कुणा गृहस्थाचं उत्तर आलं. 'प्रिय वेस, तुमची बिअर ठरलेल्या प्रकाराबाहेर जाते आहे असं दिसतं. काळजी नको! काळं माल्टचं धान्य काढून टाका, कडवटपणासाठी हॉप्स वाढवा आणि इंग्लिश यीस्ट वापरा, म्हणजे लाल खुणा जातील.' म्हणजे जन्मदाखल्यावर नाव चुकलं तर मूल बदला. मी परत लिहिलं की बिअर तयार आहे, तळघरात आहे, चूक नावात आहे. उत्तर आलं, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आपण किती आनंदी आहात?' त्याखाली पाच चेहरे होते. त्यातला एकही माझ्याइतका दुःखी नव्हता.

कुंपणापाशी ड्वेनला हे सांगण्याची चूक मी केली.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "पेन घे. खोड. लिही. झालं."

"हाताने लिहिलेली लेबलं चालत नाहीत, ड्वेन. मार्लिसचा नियम आहे."

"मग मार्लिसला एक बाटली दे."

"तू दिली होतीस?"

"मी दरवर्षी देतो. नियमासाठी नाही रे, आवडते तिला." आणि मग आवाज खाली आणून, "अशी डोळे मिटून पिते बघ."

मी घरात गेलो.

मार्लिस शूमाकर आमच्या क्लबच्या अध्यक्ष. आयुष्यभर त्यांनी गाड्यांच्या नंबरप्लेटी देणाऱ्या काउंटरवर काम केलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्याशी बोलताना मधे काच आहे असं वाटतं आणि माणूस आपोआप वाकून बोलतो. मी फोन केला.

"कॉम्प्युटर बंद करून चालू केलास?" मार्लिसनी विचारलं.

"चूक कॉम्प्युटरची नाहीये, मार्लिस. पुस्तक जुनं आहे."

"बंद करून चालू केलास का, एवढंच विचारलं मी."

मी बंद करून चालू केला. इंग्लिश बिटर, साधी.

शेवटी मी इंटरनेटवरून नव्या पुस्तकाची फाइल मिळवली आणि प्रोग्रामात घातली. प्रोग्रामने ती आनंदाने गिळली, पण जुनं पुस्तक काही ओकलं नाही. आता प्रत्येक प्रकार दोनदा दिसू लागला, जुळी भावंडं, एकाच्या अंगावर दुसऱ्याचा शर्ट. मग मी जुनं पुस्तक पुसायचं ठरवलं. त्याआधी, मी शास्त्राचा माणूस असल्यामुळे, माझ्या काळ्या लागरची कृती पुन्हा पहिल्यासारखी केली आणि तिची एक सुरक्षित प्रत काढून बाजूला ठेवली. ही प्रत कधी काढली ते लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

जुनं पुस्तक पुसताच माझ्या इतर सगळ्या बिअरींनी धर्म बदलला. ओटचा स्टाउट फळांच्या बिअरमध्ये गेला. गव्हाची बिअर धुरकट झाली. मागच्या वर्षी मार्गोच्या बहिणीच्या लग्नासाठी केलेली बिअर कशातच बसेना, तिच्यापुढे नुसतंच प्रश्नचिन्ह. "हे मात्र बरोबर आहे," मार्गो माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली. रोज कामावरून आलो की मी एकेका बिअरला हाताला धरून तिच्या घरी पोहोचवत होतो. मार्गो जेवायला बोलवायची आणि मी म्हणायचो, आलो, एवढ्या बेल्जियन आटोपतो.

ही बातमी मार्लिसपर्यंत गेली. कुणी नेली ते उघड आहे. त्यांना दरवर्षी बाटली कोण देतं?

"वेस, तुला तो प्रोग्राम कळतो म्हणे," फोनवर मार्लिस म्हणाल्या. "यंदा सगळ्या क्लबची लेबलं तू छापायची. लेबलप्रमुख असं पद आहे."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पदक नाही तर नाही, पद तरी मिळालं. आणि शनिवारी दारात ड्वेन उभा राहिला. हातात बिनलेबलाची बाटली.

"हं, लेबलप्रमुख. हिला काय म्हणायचं ते सांग."

"म्हणजे? तू काय करायला बसला होतास?"

"बिअर." त्याने खांदे उडवले. "दरवर्षी मार्लिस चाखून सांगते कशात घालायची. यंदा म्हणाली तुझ्याकडे जा, तू शिकलेला आहेस."

मी बाटली तळघरात नेली. घनता घेतली, रंगपट्टीशी रंग जुळवला, आम्लता मोजली, मग नाइलाजाने एक घोट घेतला. त्या घोटाबद्दल मी फार लिहिणार नाही. भाजलेल्या पावाची कड आठवली, सप्टेंबरातलं ऊन आठवलं, आणि लगेच ते वल्हं आठवलं. माझे डोळे मिटले होते, हे मला ते उघडताना कळलं. स्वतःच्याच तळघरात आपण फितूर व्हावं, यापरता अपमान नाही.

बिअर सरळसरळ नव्या चार-बीमधली होती, जत्रेची सोनेरी. आणि यादीत तिच्यापासून चार बोटांवर 'अमेरिकन हलकी लागर' होती. मळ्यातला गडी उन्हात पितो ती, पाण्याची चुलत बहीण. ड्वेनची बिअर त्या रांगेत उभी केली असती तर परीक्षकांनी तिचा पार चोथा केला असता, आणि ड्वेनला कधी कळलंही नसतं. माझं बोट त्या ओळीवर बराच वेळ होतं.

मी ते तिथून उचललं. चांगुलपणाने नव्हे, तेवढं श्रेय मला देऊ नका. चुकीचं लेबल लावून तो हरला असता तर माझी बिअर जास्त चांगली हे त्यातून सिद्ध झालं नसतं. प्रयोगच बाद. मला तो हरायला हवा होता, पण नियंत्रित परिस्थितीत. मी चार-बी लिहिलं आणि छापलं.

मग मी अख्ख्या क्लबचा प्रत्येक क्रमांक नव्या पुस्तकाशी ताडून बघितला. सगळ्यांचा. पुन्हा एकदा. शेवटी माझी काळी लागर उघडली. एवढ्या उलथापालथीत मूळ कृतीवर विश्वास उरला नव्हता, म्हणून ती सुरक्षित प्रत उघडली. पडद्यावर नाव होतं 'म्युनिकची काळी'. एकही लाल खूण नाही. सगळं हिरवंगार. मला गहिवरून आलं. मी 'छापा' म्हटलं, लेबल पालथंच उचललं आणि बाटलीला डकवलं. आपल्या मुलाची शाळेत झडती कोण घेतं?

स्पर्धा बोलिंग खेळायच्या जागेच्या मागच्या हॉलमध्ये होती. भिंतीपलीकडे पिना कोसळायच्या आणि प्रत्येक वेळी परीक्षक दचकून घोट जरा मोठा घ्यायचे. स्पर्धकांना आत जायची परवानगी नव्हती. मी आणि ड्वेन दारातून डोकावत होतो. मार्गो मागे तळलेल्या माशांच्या रांगेत होती.

खिडकीजवळच्या टेबलावर चार-बीची रांग मांडली होती. सोनेरी ग्लास, सोनेरी ग्लास, सोनेरी ग्लास. आणि मधेच एक काळाकुट्ट. परीक्षकांतल्या दाढीवाल्याने तो ग्लास उजेडाकडे धरला, मग लेबलाकडे बघितलं, मग पुन्हा उजेडाकडे.

मला हसू आवरेना. "ड्वेन, ड्वेन, बघ! कुणीतरी गाढवाने सोनेरीमध्ये काळी पाठवली आहे!"

"कुठे?" ड्वेनने मान लांब केली. "अरेरे. बिचारा."

"बिचारा कसला? पुस्तक उघडून बघायचं ना! नवं पुस्तक म्हणजे काय, जुन्याच्या..."

जुन्या पुस्तकात चार-बी म्हणजे काळी. ती प्रत मी जुनं पुस्तक पुसण्याआधी काढली होती. प्रतीने आपल्या पोटात जुना क्रमांक जपून ठेवला होता, सुरक्षित, मी सांगितलं होतं तसाच. पडद्यावर नाव दिसायचं. लेबलावर छापला जायचा फक्त क्रमांक.

"काय रे?" ड्वेन म्हणाला. "पांढरा पडलास."

मी मार्लिसकडे धावलो. त्या हॉलबाहेर एका टेबलामागे बसल्या होत्या आणि काच नसूनही मी वाकलो.

"मार्लिस, एका बाटलीचा क्रमांक चुकलाय. चार-बीमध्ये आहे ती आठ-एमध्ये हवी."

"ग्लासात ओतली का?"

"ओतली."

"मग झालं. प्लेटवर जो नंबर तीच गाडी."

"पण तक्रार करता येत असेल ना?"

"येते की. लेबलांच्या तक्रारी लेबलप्रमुखाकडे."

"मार्लिस, लेबलप्रमुख मी आहे!"

"मग कर तक्रार."

"केली. मान्य आहे मला."

"कुणाची बाटली आहे?"

"माझी."

"स्वतःच्या बाटलीवर लेबलप्रमुखाने निर्णय द्यायचा नाही." त्यांनी चष्मा पुसला. "पुढचा."

माझ्या मागे कुणीही नव्हतं. तरी मी बाजूला झालो.

निकाल लागला. चार-बीमध्ये पहिला ड्वेन प्रिबिल, निळी फीत. शेवटचा नंबर आलेल्या बाटलीवर परीक्षकांचा शेरा असा होता : 'अप्रतिम. दुसऱ्या घोटाचीही वाट बघवली नाही. पण आम्ही सोनेरी मागवली होती.' गुण इतके कमी की ते मी इथे लिहीत नाही. पाण्याच्या नमुन्याला एवढे पडले असते तर आम्ही शहराला उकळून प्या म्हणून कळवलं असतं.

मग दारं उघडली आणि उरलेल्या बाटल्या सगळ्यांसाठी टेबलांवर मांडल्या. लोक मासे, चीजचे तळलेले तुकडे आणि बिनलेबलाचे प्लास्टिकचे पेले घेऊन फिरू लागले. ड्वेनच्या टोपीला निळी फीत टाचलेली. मी एका खुर्चीत बसून कोबीच्या कोशिंबिरीकडे बघत होतो. मार्गो हातात एक पेला घेऊन ड्वेनशी बोलत आली, बोलता बोलता तिने पेला तोंडाला लावला.

आणि डोळे मिटले.

"अहा..." ती म्हणाली. नेहमीपेक्षा लांब. त्या 'अहा'वर एखादा माणूस वर्षभर जगला असता. "ड्वेन, माझ्या राजा, काय केलंयस हे!"

मी कोशिंबीर बाजूला सारली. मग मी पेल्याकडे बघितलं. पेला काळा होता.

"माझी नाही गं ती," ड्वेन म्हणाला. "माझी पिवळी. ही त्या बिचाऱ्याची. तो सापडायला हवा, त्याला एक मिठी मारायची आहे मला."

जगात माझ्याइतका विचित्र हेवा कुणी केला नसेल. ज्या 'अहा'साठी मी झुरलो ते माझ्याच बिअरला मिळालं होतं, आणि गेलं होतं ड्वेनच्या नावावर. मला ड्वेनचा हेवा वाटला, पेल्याचा वाटला, आणि मागच्या पाच मिनिटांतल्या त्या अज्ञात बिचाऱ्याचाही.

"मी आहे तो," मी म्हणालो.

मार्गोचे डोळे उघडले. "तू कोण?"

"बिचारा. बिअर माझी आहे."

ड्वेनने खरंच मिठी मारली. टायरवाल्याची मिठी, बरगड्या आहेत की गेल्या हे बघावं लागतं. तोपर्यंत मार्गोने पेल्याकडे बघितलं, वास घेतला, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"ही? तळघरातली? ही तर तू मला पाजली होतीस."

"पाजली होती! आणि तू म्हणालीस, छान आहे. डोळे उघडे ठेवून म्हणालीस."

"मिटणार कधी होते मी?" मार्गोचा आवाज चढला. पलीकडे पिना कोसळल्या. "एका हातात तुझी ती रंगपट्टी धरायला लावतोस, दुसऱ्या हातात थर्मामीटर. घोट तोंडात असतो तेव्हा विचारतोस, कडवटपणा दहापैकी किती. फेस टिकतोय का बघ, म्हणतोस. बघ, बघ, बघ! डोळे मिटले तर बघू कशाने? ड्वेन नुसता ग्लास देतो आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलत बसतो."

"माझा डावा गुडघा," ड्वेन मला समजावत म्हणाला.

शास्त्रात याला म्हणतात, मोजणाऱ्यामुळे मोजमाप बिघडणं. मला हे शिकवलेलं होतं. पाण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी रविवार. बर्फ पुन्हा पडला होता. दुपारी मी तळघरातून काळीची एक बाटली आणली, एक ग्लास भरला आणि मार्गोपुढे ठेवला. रंगपट्टी आणली नाही. थर्मामीटर खालीच राहू दिला. तिने संशयाने माझ्या खिशांकडे बघितलं.

"ड्वेनचा गुडघा कसा आहे म्हणे?" मी विचारलं.

ती हसली. ग्लास उचलला. एक डोळा मिटला. दुसरा माझ्या हातांवर. मी दोन्ही हात मांडीखाली घातले. तेवढ्यानेही भागेना, म्हणून उठलो आणि खिडकीशी जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. बाहेर ड्वेन आमच्याच दारातलं बर्फ उडवत होता, टोपीला ती निळी फीत तशीच. मला बघून त्याने हात हलवला. मीही हलवला, दात खाऊन.

मागून आवाज आला. "अहा..."

लांब होता. ड्वेनच्या बिअरला येतो त्यापेक्षा लांब होता की नाही, हे मोजायला माझ्याजवळ काही नव्हतं. डोळे मिटले होते की नव्हते, याचा माझ्याकडे पुरावा नाही. मी वळलो नाही.